अजून न वळवलेली तार

राजाजीनगर, बंगळूर
११ एप्रिल १९९९

प्रिय शंतनु,

पाडव्याच्या त्या अर्ध्या ओबट्टूची, तुमच्या पुण्याच्या भाषेत पुरणपोळीची, खरी किंमत मी आज बसून मांडली. डाळ, गूळ, तूप घरातलंच होतं, ते धरत नाही. पण त्यापायी सिद्धीच्या बोटांना दिवसभर सुया टोचल्या गेल्या, साखरेच्या मीटरवर चारशेच्या वरचा आकडा आला, तू तुझ्या आईला जे बोललास ते बोललास, शलाका भिंतीकडं तोंड करून रडली, तुम्ही दोन दिवस आधीच पुण्याला परत गेलात, आणि तेव्हापासून आपल्या घरात गोडाचं नाव निघालेलं नाही. आईनं चहातली साखर सोडली. तिनं सोडली म्हणून मीही सोडली, म्हणजे घरापुरती सोडली. पिंजऱ्यांच्या शेडवरच्या चहाचं तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. एका ओबट्टूला, तेही अर्ध्या, इतका भाव आलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

हे रागावून लिहीत नाही. फोनवरच बोललो असतो, पण तू फोनवर येत नाहीस. शलाका बिचारी सांगते, ‘हे आंघोळीला गेलेत.’ सकाळी केला तरी आंघोळ, दुपारी केला तरी आंघोळ. पुण्यात पाण्याची एवढी चंगळ झाली असेल तर आनंदच आहे, पण तिच्या मागं तुझं ते घसा खाकरणं मला स्वच्छ ऐकू येतं. माझे कान तुला माहीत आहेत. लहानपणी तू डब्याचं झाकण किती हळू काढायचास, तरी मी बाहेरच्या खोलीतून ‘एकच घे’ म्हणायचो. तेव्हा म्हटलं, पत्रच बरं. आंघोळीला गेलेल्या माणसाची वाट बघत पत्र कितीही वेळ बसू शकतं.

त्या सकाळी नेमकं काय झालं ते तू पाहिलंच नाहीस. तू गच्चीवर गुढी बांधत होतास. खाली आई बेवु-बेल्ला वाटत होती. तुमच्या पुण्यात पाडव्याला कडुनिंबाची गोळी नाक दाबून गिळतात, पण इथली रीत तुला ठाऊक आहे. कडुनिंबाची फुलं आणि गूळ दोन्ही एकदम हातावर येतं आणि दोन्ही एकदमच तोंडात टाकायचं. येणारं वर्ष जसं असेल तसं, कडू आणि गोड, एका घासात घेतलं म्हणायचं. आईनं मला दिलं, शलाकाला दिलं, शेडवरून सणाचा नमस्कार करायला आलेल्या देवाप्पाला दिलं, आणि सिद्धीच्या हातावर नुसता कडुनिंब ठेवला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. साखरेवर कडुनिंब औषध, असं आपल्या आळीतल्या सगळ्या बायका सांगतात, तेव्हा पोरीला तोच द्यावा, उलट चार फुलं जास्त द्यावीत, एवढाच तिचा हिशोब. सिद्धीनं हात तसाच पुढं धरून ठेवला. मग म्हणाली, ‘आजी, माझं दुसरं राहिलं.’ आई म्हणाली, ‘बाळा, तुला हेच.’ त्यावर ती सात वर्षांची पोर म्हणाली, ‘मग माझं सगळं वर्ष कडूच जाणार का?’ रडून नाही विचारलं तिनं. शाळेला सुट्टी कधी लागणार, असं विचारतात तसं विचारलं. देवाप्पानं हातावरचं तसंच मुठीत धरलं, ‘बरतीनि अक्का’, येतो ताई, म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मीही पेपर तोंडासमोर धरला, तो उलटा होता असं नंतर शलाका म्हणाली.

त्यानंतर स्वयंपाकघरात तुझ्या आईनं तिला अर्धा ओबट्टू दिला. चोरून दिला, इन्सुलिनचा विचार न करता दिला. ते चुकलंच, आणि ती नाही म्हणत नाही. तुझा रागही मला कळतो. पण ‘तू माझ्या पोरीला मारायला निघालीस’ हे जे तू बोललास ना, ते वाक्य अजून इथल्या स्वयंपाकघरातच आहे. ती त्याला वळसा घालून भांडी घासते.

निघताना तू आम्हा दोघांना विचारलंस, तुमच्यापैकी एकाला तरी सुई धरता येते का. मीही तोऱ्यात म्हटलं, चाळीस वर्षं तार वळवतोय, हा हात आजवर कशापुढं थरथरला नाही, तुझ्या सुईची काय कथा. तेव्हा तू ते चकचकीत पुस्तक टेबलावर टाकलंस. परदेशातलं ते क्लिनिक, मागं समुद्र, पुढं पांढरी इमारत, हिरवळीवर हसणारी पोरं. मे महिन्यात सिद्धीला तिथं नेणार, तिच्या अंगात नव्या पेशी टोचणार आणि पहिल्याच दिवसापासून इन्सुलिन बंद. ‘अण्णा, पोरीला सुया टोचत मोठं करायचं नाहीये मला, मला ती बरी करायची आहे,’ असं तू म्हणालास. बापाचं बोलणं आहे ते. पण ‘पहिल्याच दिवसापासून इन्सुलिन बंद’ हे वाक्य मी पुस्तकात बोट ठेवून दोनदा वाचलं. डिसेंबरात ती डोळे मिटून, धापा टाकत हॉस्पिटलात पडली होती, ती अंगात इन्सुलिन उरलं नव्हतं म्हणूनच ना? जे संपल्यामुळं पोर जायची वेळ आली, तेच हे लोक पहिल्या दिवशी काढून घेणार, आणि त्याला बरं करणं म्हणणार. मला शास्त्र कळत नाही, पण वजाबाकी कळते.

रिक्षात बसताना तू आणखी एक टोमणा मारलास. तुमचे पिंजरे ज्या संस्थेत जातात तिथं याच रोगावर काम चाललंय, कधी विचारलंत का? मी टोमणाही ऑर्डर म्हणूनच घेतो, धंद्याची सवय आहे. निपाणीहून इथं आलो तेव्हा अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर बसून उंदरांचे सापळे विकायचो. आता त्याच हातांनी उंदरांना राहायला घरं करून देतो. आधी मेलेल्या उंदरांनी मला जगवलं, आता जिवंत उंदीर जगवतात, असं मी लोकांना सांगतो आणि लोक हसतात. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्या संस्थेकडून जरा वेगळं काम आलं. प्रत्येक पिंजऱ्याला पाण्याच्या एका बाटलीऐवजी दोन बाटल्यांची कडी हवी, आणि तळाला जाळी हवी, कारण हे उंदीर सारखं पाणी पितात आणि सारखं ओलं करतात. मी विचारलं, हे कसले उंदीर? तिथला स्टोअरवाला म्हणाला, ‘शुगर इलिगळु, सार.’ मला हसू आलं. संक्रांतीला इथं साखरेचे हत्ती-घोडे वाटतात, तसे साखरेचे उंदीर माझ्या डोळ्यांपुढं आले. मग डिसेंबरात हॉस्पिटलातून तुझा फोन आला. पंधरा दिवस पोर सारखी पाणी मागत होती अण्णा, अंथरूण ओलं करत होती, आम्हाला वाटलं लाडानं करते, असं तू सांगत होतास. मी शेडमध्ये रिसीव्हर कानाला लावून उभा, आणि समोर खिळ्याला त्या दोन बाटल्यांच्या कड्या टांगलेल्या. फोन ठेवल्यावर त्या कड्या मी स्वतः काढून गोणपाटाखाली ठेवल्या. देवाप्पा बघत होता.

तर तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात मी त्या संस्थेत गेलो. हे काम बघतात त्या डॉक्टर अंजली. औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, शोध लावणाऱ्या. मूळच्या नागपूरच्या, तिथून उन्हाळा सोडून सगळं बरोबर घेऊन आल्यात, बोलणंसुद्धा. कुणाला भेटायचं असेल तर मी ठरल्या वेळेच्या बराच आधी जातो आणि बाहेरच्या बाकावर बसतो. केबिनमध्ये चहा मिळतो, माहिती बाकावर मिळते. तिथं दोन विद्यार्थी उभे होते. सफारी घातलेला म्हातारा म्हणजे बिलासाठी आलेला, अशा समजुतीनं त्यांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं आणि कन्नडमध्ये बोलायला लागले. एक म्हणाला, खालच्या रॅकवरच्या उंदरांनी या आठवड्यातही दुसऱ्या बाटलीला तोंड लावलेलं नाही. पहिलीच पुरते. दुसरा म्हणाला, ‘स्वल्प थांब, मागच्या वेळीही असंच झालं होतं.’ शंतनु, त्यांना ती रोजची नोंद होती. माझे कान तापले. ज्या उंदरांना दोन बाटल्या पुरत नव्हत्या त्यांची तहान कमी झाली, म्हणजे त्यांची साखर उतरली. आणि ती कशानं उतरली ते ऐकायला मी त्या बाकावर इतका पुढं सरकलो की पडायचाच बाकी होतो.

आत गेल्यावर मी सरळ विचारलं, ‘बाई, उंदीर बरे झाले?’ त्या आधी दाराकडं बघून म्हणाल्या, ‘या पोरांना कितींदा सांगितलं, बाहेर बोलू नका.’ मग हसल्या आणि त्यांनी मला चांगला तासभर दिला. मी सिद्धीचं सगळं सांगितलं. ऐकून घेताना त्यांनी एकदाही ‘अरेरे’ केलं नाही, म्हणून मला त्या आवडल्या. त्यांनी जे समजावलं ते त्यांच्या भाषेत मला पुन्हा सांगता येणार नाही, माझ्या भाषेत सांगतो. आपल्या शेडमध्ये तारेचं वेटोळं येतं. त्याचं काहीही होऊ शकतं, कडी, स्प्रिंग, पिंजरा. पण एकदा त्याची कडी वळवली की ती कडीच. तिला परत सरळ करून स्प्रिंग करायला जा, तार तुटते. शरीरातल्या बहुतेक पेशी अशा वळवून झालेल्या असतात, ही डोळ्याची, ही कातडीची, ही इन्सुलिन करणारी. पण काही पेशी अजून न वळवलेल्या तारेसारख्या असतात. त्यांनाच स्टेम सेल म्हणतात. गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत माणसाच्या अशा पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. त्याचंच कात्रण तू पाकिटात घालून फिरतोस. ती बातमी खरी आहे. त्याबाबतीत तू फसलेला नाहीस, हे मी आधी सांगतो.

पण त्या पेशींना नेमकं वळण कसं द्यायचं, म्हणजे त्या इन्सुलिनच करतील, दुसरं काही करणार नाहीत, ते अजून कुणालाच नीट जमलेलं नाही. चुकीचं वळण लागलं तर त्यांची गाठ होऊ शकते. अंजलीबाईंनी उंदराच्या स्वादुपिंडातल्या अशाच कच्च्या पेशी वाढवून त्या साखरेच्या उंदरांत घातल्या. काहींची साखर उतरली, काही आठवडे उतरलेली राहिली, मग बऱ्याच जणांची पुन्हा चढली. काहींवर काहीच परिणाम झाला नाही. मी विचारलं, यावेळचे टिकतील? म्हणाल्या, ‘माहीत नाही.’ माणसावर कधी? ‘माहीत नाही.’ सिद्धी मोठी होईपर्यंत? ‘काका, मला तारीख विचारू नका. आणि कुणी तारीख सांगणारा भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.’ त्या तासाभरात त्या इतक्यांदा माहीत नाही म्हणाल्या की माझा त्यांच्यावर पुरा भरवसा बसला. मी उमेदवारीत होतो तेव्हा ज्या मिस्त्रीला काम येत नसे तो कधीच असं म्हणायचा नाही.

आणखी एक अडचण त्यांनी सांगितली, ती मला फार लागली. सिद्धीच्या अंगात इन्सुलिनच्या पेशी आपोआप मेल्या नाहीत. तिच्याच शरीराच्या पहारेकऱ्यांनी त्यांना परके समजून मारलं. तेव्हा नव्या पेशी कुणी आणून घातल्या तरी पहारेकरी तेच, पुन्हा मारतील. त्यावर जगात कुठं कुठं असा प्रयत्न चाललाय की नव्या पेशी एका बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायच्या. साखर आत जाईल, इन्सुलिन बाहेर येईल, पहारेकऱ्याला मात्र आत शिरता येणार नाही. हे ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. जन्मभर आतल्याला बाहेर जाऊ न देणारे पिंजरे केले, बाहेरच्याला आत येऊ न देणारा एक करायला काय हरकत आहे? मी खिशातली टेप काढून माप विचारलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. म्हणाल्या, ‘काका, तुमच्या सगळ्यात बारीक जाळीच्या एका भोकात माझे असले हजार पिंजरे मावतील.’ ऑर्डर गेली. पण तिथं बसून मला पहिल्यांदा असं वाटलं की ही माणसं देवाला नवस बोलत बसलेली नाहीत, त्यांच्यापुढंही मापच आहे. ज्याचं माप कळलं ते आज ना उद्या कुणाला तरी करता येतं.

मग मी तुझं ते चकचकीत पुस्तक पिशवीतून काढून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी सगळी पानं पाहिली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘आम्ही उंदरालासुद्धा रोज साखर मोजल्याशिवाय एक दिवस सोडत नाही, आणि हे मुलांचं इन्सुलिन पहिल्या दिवशी बंद करणार?’ कुठं काही छापलंय का, किती मुलं बरी झाली, किती वर्षं टिकली, ते त्यांनी शोधलं. पुस्तकात समुद्राची चार चित्रं आहेत, पण ते कुठं नाही.

एवढ्यानं तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक होतं. शास्त्रज्ञ दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणारच, असं म्हणशील. म्हणून मी माझ्या पद्धतीनं तपास केला. त्या क्लिनिकचं मुंबईत जे एजंटाचं ऑफिस आहे, तिथं हुबळीचा नागनाथ नावाचा व्यापारी म्हणून फोन लावला. नातवाला साखर आहे, आठ वर्षांचा आहे, म्हटलं. एका मुलीनं फार गोड आवाजात सगळं सांगितलं, अगदी पुस्तकातलंच. मी म्हटलं, पोरी, मला शास्त्र नको, तुमच्याकडं दोन वर्षांपूर्वी जाऊन बरं झालेलं एक मूल दाखव, हिंदुस्थानात कुठंही असू दे, मी माझ्या खर्चानं जाऊन त्याच्या आईबापांशी चहा घेऊन येतो. मग ती म्हणाली, नावं गुप्त असतात. मी म्हटलं, बरोबर आहे, मग तुम्हीच त्यांना विचारा, ते मला फोन करतील. मग फोनवर हात ठेवून कुणाशी तरी बोलणं, आणि मग ती म्हणाली, ‘अंकल, या महिन्यात पक्कं केलं तर सवलत आहे.’ शंतनु, सवलत साडीच्या दुकानात असते, तीही मार्चअखेर. आणि हात नीट ठेवला नव्हता तिनं. मागं दुसरी एक मुलगी दुसऱ्या फोनवर तेच वाक्य म्हणत होती, पहिल्याच दिवसापासून औषध बंद, फक्त ती ते कुणाच्या तरी अर्धांगवायू झालेल्या वडिलांबद्दल सांगत होती. थोड्या वेळानं दम्याबद्दलही तेच. सगळ्या कुलपांना एकच चावी लागते म्हणणाऱ्याच्या हातात चावी नसते, पहार असते. तुला खोटं वाटत असेल तर तूही एकदा फोन कर. पैज लावतो, दोन वर्षांपूर्वीचं मूल तुलाही दाखवणार नाहीत.

तू मूर्ख नाहीस. पोर आजारी पडली की शहाण्या माणसाला मूर्ख होण्याची घाई होते, एवढंच. मीही त्या बाकावर काही मिनिटं झालो होतो. खालच्या रॅकवरचा एखादा उंदीर उचलून खिशात घालून पुण्याला यावं असं वाटलं होतं.

निघताना मी अंजलीबाईंना विचारलं, मग आम्ही करायचं काय, नुसतं बसून राहायचं? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला तुझ्यापर्यंत जसंच्या तसं पोचवायचं आहे. त्या म्हणाल्या, शंभर वर्षांपूर्वी सिद्धीसारखं मूल फार तर वर्ष-दोन वर्षं जगायचं. डॉक्टर जेवण तोडायचे, मूल काडी व्हायचं आणि जायचं. मग कुणीतरी कुत्र्यांवर प्रयोग करत बसलं, लोक हसले, आणि त्यातून इन्सुलिन निघालं. तुमच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी जी बाटली आहे ना काका, ती एके काळी अशीच कुणाची तरी ‘माहीत नाही’ होती. ते औषध यायच्या वेळेपर्यंत ज्यांच्या आईबापांनी पोरांना कसंबसं धरून ठेवलं, ती पोरं जगली. तुमच्या नातीला तर कसंबसं धरून ठेवायचीही गरज नाही. तिला नीट इन्सुलिन द्या, साखर मोजा, खेळू द्या, डोळे-मूत्रपिंडं जपा. आमचं काम जमेल त्या दिवशी ती धडधाकट असली पाहिजे, कारण नवी पेशी घालायला शरीर चांगलं लागतं. आणि नाहीच जमलं, तरी ती धडधाकट असेलच. मी कन्नडमध्ये ‘सरी’ म्हणून मान हलवली, कारण मराठीत तेवढ्या वेळात काही सुचलं नाही. जाता जाता ओबट्टूचंही विचारलं. म्हणाल्या, मी रोगी बघणारी डॉक्टर नाही, तिच्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारा, पण मोजून, इन्सुलिनचा मेळ घालून, सणाला लहानसा तुकडा खाता येतो बहुतेकांना. कडुनिंबानं मात्र काही होत नाही. नुसता कडुनिंब हातावर ठेवला होता हे ऐकून त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. माझाही पुसायला हवा होता, पण मला चष्मा नाही.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. ते क्लिनिक रद्द कर, आणि मे महिन्यात सिद्धीला इकडं पाठव, अख्खा महिना. मीच येऊन घेऊन जाईन, तुम्ही आलात तर दुधात साखर, म्हणजे मोजून. तू म्हणशील, त्या घरात, आईच्या हाती? तिच्याच हाती. तुला माहीत नाही, आणि मी लिहितोय हे तिलाही माहीत नाही. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून तुझी आई कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या चंपा सिस्टरकडं जाते. भाजी आणायला जाते म्हणून सांगते आणि भाजी विसरून येते. सिस्टरनं तिला संत्र्यावर सराव करायला सांगितला. संत्री मिळाली नाहीत म्हणून तिनं देवनहळ्ळीचे चकोतरे, म्हणजे आपली पपनसं, आणले, आणि दुपारी दार लोटून त्यांना पाण्याची इंजेक्शनं देत बसते. सुई बाहेर काढताना चकोतऱ्याला हळूच ‘झालं हं बाळा’ म्हणते, ते मला दाराबाहेर ऐकू येतं. कुठल्या पदार्थाला किती इन्सुलिन, बाटली कशी हलवायची, साखर खाली गेली तर आधी काय द्यायचं, सगळं तिनं सिस्टरकडून पाठ केलंय. परवा सिस्टरनं स्वतःचा दंड पुढं केला आणि तिनं तिला सलाइनची सुई टोचली. सिस्टर म्हणाली, कळलंसुद्धा नाही. ती तुझ्याकडं कधी काही मागणार नाही, ते तुला माहीत आहे. तिला फक्त पोर हवी आहे, आणि तिच्या जवळ जायला ती घाबरते. मला वाटलं होतं मी आधी शिकेन आणि मग तिला शिकवीन. काल सिस्टरनं माझ्याही हातात सुई दिली. सुई आईच टोचेल, शंतनु. माझा हात थरथरतो.

तुझाच,
अण्णा